‘ऑटो’ की वही? सामुदायिक रेडिओवर गाणी कुणी निवडावीत

आमच्या केंद्रावर एक बोलणं रुळलंय: ‘ऑटोवर टाक’. म्हणजे गाण्यांची निवड सॉफ्टवेअरवर सोड आणि चहाला चल. दुसरा शब्द ‘वही’. आमच्यातल्या अक्का, नाहीतर ज्याची पाळी असेल तो, आदल्या रात्री हाताने यादी लिहून ठेवतात, ती समोर उघडायची आणि त्याप्रमाणे गाणी लावत जायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी साडेतीन वर्षं वही, मग चौदा महिने जवळजवळ सगळं ऑटो. सध्या काय चाललंय ते ओघात येईलच. अलीकडे ओळखीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, की आम्हीही केंद्र काढतोय, गाण्यांचं काय करावं? दर वेळी फोनवर तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

कुठलं सॉफ्टवेअर, किती रुपयांचं, कॉम्प्युटर कसला लागतो, हे इथे मिळणार नाही. शंभर वॅट, तीस मीटरचा मनोरा, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक, या अटी तर परवान्याच्या अर्जापासून तुम्हाला पाठ झाल्या असतील. आमचं केंद्र कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या निपाणीच्या अंगाला आहे. हवा चांगली असली की कोगनोळीच्या टोलनाक्यापर्यंत आम्ही ऐकू येतो. लहरींना टोल नाही, त्यामुळे थोडे पलीकडे महाराष्ट्रातही जातो. आमचे ऐकणारे म्हणजे विड्या वळणाऱ्या बायका, मोटारसायकलच्या गॅरेजमधली पोरं, शेतावरचे लोक आणि दुपारी झोप न येणारी म्हातारी माणसं. बेळगाव शहरात, टिळकवाडीत किंवा शहापुरात केंद्र असेल तर हिशोब थोडा वेगळा पडेल, हे आधीच कबूल करतो.

अल्गोरिदम म्हटलं की लोकांना मोबाईलवरचं गाण्यांचं ॲप आठवतं. ते तुम्हाला ओळखतं. हे गाणं ज्यांनी ऐकलं त्यांनी तेही ऐकलं, तुम्ही दहाव्या सेकंदाला पुढे ढकललंत, असल्या खुणांवर ते चालतं. रेडिओला असल्या खुणा मिळत नाहीत. आम्ही फेकतो, लोक झेलतात. कुणी बटण बंद केलं तर आम्हाला कळायचा मार्गच नाही. फोन येतात, पण ते फिरून फिरून त्याच आठ-दहा घरांतून. शिवाय आमच्याकडची निम्मी गाणी आम्हीच गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेली. कुठल्या तरी भजनी मंडळाचा तो अभंग जगात दुसरीकडे कुठे नाहीच, मग तो ‘आणखी कुणी ऐकला’ हे कुठलं ॲप सांगणार?

म्हणून रेडिओवरचा अल्गोरिदम हा निराळा प्राणी. तो नियमांनी चालतो. तासाचं एक घड्याळ आखायचं: या मिनिटाला भजन, मग जाहिरात, मग एक जुनं, एक नवं. प्रत्येक गाण्याला चिठ्ठ्या लावायच्या: गायक, वेग, वेळ, भाषा. एकच गायक दोन तासांत दोनदा नको, एकच गाणं चार दिवसांत दोनदा नको, असे नियम भरायचे. मग यंत्र दिवसाची यादी काढून देतं. अमेरिकेतल्या केंद्रांवर पूर्वी हे काम कार्डांच्या पेट्यांवर चालायचं. पेटीतलं पुढचं कार्ड काढायचं, गाणं लावायचं, कार्ड मागे सारायचं. १९७९ साली आरसीएस नावाची कंपनी निघाली आणि तिने ‘सिलेक्टर’ नावाने हेच कॉम्प्युटरवर आणलं. थोडक्यात, यंत्र जिच्यापासून निघालं ती पेटी आमच्या वहीची चुलत बहीणच. दोघींमध्ये देव-दानव असा काही फरक नाही.

आता ऑटोचं कौतुक, आणि ते मनापासून करतो.

पहिली गोष्ट, वेळ. संध्याकाळी आम्ही आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेतो. त्या कुणासाठी थांबत नाहीत. वहीच्या काळात बातम्यांना तीन मिनिटं उरली की आमची पळापळ व्हायची. पाच मिनिटांचं गाणं लावून मधेच गळा दाबायचा, नाहीतर बासरीचा तोच तुकडा. तो तुकडा इतक्यांदा वाजला, की गावातली पोरं त्याला ‘बातम्यांची बासरी’ म्हणायला लागली. यंत्र मात्र तासाच्या शेवटापासून उलटं मोजतं आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांची जागा असेल तर तेवढंच गाणं शोधून आणतं. चौदा महिन्यांत बातम्या एकदाही चुकल्या नाहीत.

दुसरी गोष्ट, माणूस येत नाही तेव्हा. सगळे स्वयंसेवक. कुणाचं लग्न, कुणाची ऊसतोड, कुणाची परीक्षा. सकाळी सहाला किल्ली कुणाकडे आहे यावरून फोनाफोनी व्हायची. ऑटो आल्यापासून केंद्र मुकं राहिलं नाही, आणि मुकं न राहणं ही रेडिओत लहान गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट जरा लाजेची आहे. यंत्रात जुन्या वह्या भरताना लक्षात आलं, की साडेतीन वर्षांत मी माझ्या पाळीला तीच ती साठ-सत्तर गाणी फिरवत होतो. कपाटात अकराशेच्या वर गाणी, आणि मी आपला साठावर संसार करतोय. जात्यावरच्या ओव्यांची एक सबंध सीडी, आम्हीच सहा वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेली, एकदाही वाजली नव्हती. का? मला ओव्या ऐकताना झोप येते म्हणून. यंत्राला झोप येत नाही. त्याने दुसऱ्याच आठवड्यात त्यातली एक दुपारी लावली. अर्ध्या तासात फोन आला. पलीकडची बाई काही बोलेचना. मग म्हणाली, “माझ्या आईचा आवाज हाय त्यो. परत लावता काय?”

तेव्हा ‘माणसाने निवडलेलं ते जिव्हाळ्याचं’ असं कुणी म्हणालं, की मी गप्प बसतो. सरकारी रेडिओवर माणसांनीच केलेली निवडही आपण पाहिलीय. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमच हवेतून काढून टाकली. आपले स्वर तीत नीट लागत नाहीत, असं कुणा जाणकारांना वाटलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आणि इकडे बेळगावात रामभाऊ विजापुरे त्याच पेटीवर पिढ्याच्या पिढ्या घडवत बसले होते. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि लोकांनी सुई सरळ रेडिओ सिलोनवर नेली. त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. या दोन्ही निवडी यंत्राच्या नव्हत्या. सुशिक्षित, सदभिरुचीच्या माणसांच्या होत्या.

एवढं सगळं ऑटोच्या बाजूने आहे. मग अडतं कुठे?

बारीकसारीक अडचणी पुष्कळ. पावसाचं उदाहरण घ्या. पावसाच्या गाण्यांना मी तारखेची चिठ्ठी लावली होती: ७ जून, मृग नक्षत्रापासून पुढे. पहिल्याच वर्षी मृग कोरडा गेला. शेतकरी आभाळाकडे बघतोय, पेरणी खोळंबलीय, आणि आमचं केंद्र तासातासाला सरींची, चिखलाची, झाडाला बांधलेल्या झोक्यांची गाणी लावतंय. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका काकांचा फोन: “अण्णा, मुद्दाम करायलाय काय हे?” मी चिठ्ठ्या काढल्या. पण काढायचं सुचायला मला दोन आठवडे लागले, हे महत्त्वाचं. वहीवर बसलेला माणूस खिडकीतून बाहेर बघतो. ऑटोवर बसलेला पडद्याकडे.

वेगाचंही तसंच. आमचा अकरा ते एकचा वेळ विड्या वळणाऱ्या बायकांचा. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, बोटांत दोरा. मजुरी हजारावर, त्यामुळे हात थांबून चालत नाही. मी यंत्रात वेगाचे पाच आकडे केले आणि या वेळेला तीन-चार भरले: ना फार संथ, ना फार उडतं. कागदावर अगदी बिनचूक. आठवडाभरात अक्का म्हणाल्या, “बायका म्हणाल्यात हात अडखळतोय.” मला पटेना. मग त्यांनी वहीतला त्यांचा एक शेरा दाखवला. काही गाण्यांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘हाताला चालतं’. त्यात एक अगदी संथ पाळणा होता आणि एक भरधाव लावणीही. दोन्ही हाताला कशी चालतात? अक्कांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आयुष्याची वीस वर्षं विड्या वळल्यात, मी एकही नाही. नंतर मी कान देऊन ऐकलं. माझा अंदाज असा, की ज्या गाण्यात ठेका मधेच थांबून परत उचलतो ते हाताला चालत नाही, मग वेग काही असो. अंदाजच आहे. यंत्रात त्यासाठी खाना नाही.

एक किस्सा यंत्राच्या बाजूचा की विरुद्ध, ते तुम्हीच ठरवा. एक गायक दोन तासांत दोनदा नको, हा नियम मी सांगितला. भीमसेन जोशींची मराठी अभंगवाणी आमच्याकडे आहे, आणि दासवाणीही, म्हणजे कन्नड हरिदास संतांची पदं. अभंगांच्या फायली मी भरल्या, नाव मराठीत टंकलं. दासपदांच्या फायली एका कन्नड शाळेतल्या पोराने भरल्या, त्याने नाव कन्नड लिपीत टंकलं. यंत्राच्या लेखी हे दोन निराळे गायक. आषाढीच्या सकाळी त्याने तुकारामांच्या अभंगाला लागूनच पुरंदरदासांचं पद लावलं. तोच आवाज, तोच विठ्ठल. पुरंदरदास पदाच्या शेवटी स्वतःची नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ अशी घालतात. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. त्या वर्षातली आमची सगळ्यात सुरेख वीस मिनिटं टंकण्याच्या चुकीतून निघाली. प्रामाणिकपणा म्हणून मी चूक दुरुस्त केली. त्यानंतर ती जोडी यंत्राने परत कधी लावली नाही.

इथपर्यंतच्या अडचणी कुणीही सोसेल. नियम बदलता येतात, चिठ्ठ्या वाढवता येतात. माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती फार क्षुल्लक दिसते. तो भाषेचा खाना.

गाणं यंत्रात भरताना भाषा निवडावीच लागे, आणि एकच निवडता येई. रिकामा ठेवला तर लाल अक्षरात ओरडायचं. गाणी भरायचं काम मी श्रावणातल्या दुपारी बसून केलं. शे-दोनशे गाणी झाल्यावर सौंदत्तीच्या वाटेवर ध्वनिमुद्रित केलेलं चौडक्याचं गाणं आलं. यल्लम्माच्या जोगत्यांचं. पालुपद कन्नड, पहिलं कडवं मराठी, दुसरं अर्धं-अर्धं, आणि मधून मधून ‘उदो उदो’. आता उदो उदो कुठल्या भाषेतलं? डोंगरावर कोल्हापूरचा भक्तही तेच ओरडतो, धारवाडचाही. मी पाच मिनिटं त्या खान्याकडे बघत बसलो आणि शेवटी ‘मराठी’ टाकलं. का टाकलं ते सांगता येणार नाही. बहुतेक मी मराठी आहे म्हणून.

मग असली प्रकरणं वाढतच गेली. कुमार गंधर्व सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे. घरची भाषा कन्नड, आणि गायले कबीर नि तुकाराम. हे निदान शब्दांवरून लावता येतात. पण आमच्या गावच्या सनईवाल्याचं काय? लग्नातल्या गाण्यांचं काय, ज्यांत नवऱ्याकडच्या बायका एका भाषेत चिडवतात आणि नवरीकडच्या दुसऱ्या भाषेत उत्तर देतात? द. रा. बेंद्र्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. घरची भाषा मराठी, १९७३ चं ज्ञानपीठ कन्नड कवितेला, आणि धारवाड आकाशवाणीचे काही वर्षं सल्लागार. त्यांना कुणी असला खाना भरायला दिला असता तर काय म्हणाले असते देव जाणे.

इथवर नुसती कटकट होती. खरा घोटाळा पुढे झाला, आणि तो मीच केला. महिन्याच्या शेवटी यंत्र अहवाल काढून देतं. काय किती वाजलं, छान गोल चित्र काढून, पोळीचे तुकडे केल्यासारखं. मला ते फार आवडलं. मी रंगीत छापून समितीच्या बैठकीत नेलं. विषय होता गळक्या छपराचा. छपराला कुणी हातच लावला नाही. भाषेच्या पोळीवर सगळे तुटून पडले. यंत्राने आपल्या मनाने मराठीला पिवळा आणि कन्नडला भगवा रंग दिला होता, त्यावर पंधरा मिनिटं गेली. मग एक म्हणाले, आमचा तुकडा लहान कसा? दुसरे म्हणाले, हिंदी कुणाच्या वाट्यातून गेलं? तिसरे, जे एरवी बैठकीत डुलक्या काढतात, त्यांनी विचारलं, “सनई कुणाच्यात धरलाय?”

बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. पण हा भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, हा प्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथे आहे, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल घराघरात माहीत आहे आणि २००४ साली महाराष्ट्राने लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दुकानाची पाटी, बसची पाटी, शाळेचं माध्यम, सगळीकडे मोजणी चालते. केंद्राच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत साडेतीन वर्षं कुणी मोजलं नव्हतं. मोजायला कुणी मनाई केली होती असं नाही. मोजायला काही नव्हतंच. मी ते रंगीत छापून हातात दिलं.

पुढच्या बैठकीत ठराव झाला: एक आड एक. मराठी, कन्नड, मराठी, कन्नड, मधे तोंडी लावायला हिंदी. यंत्राला असा नियम देणं हे दोन मिनिटांचं काम, आणि दिल्यावर ते एकदाही चुकत नाही. तिथेच गोम आहे. सकाळच्या भजनात विठ्ठलाचा अभंग संपला की पुढे कन्नड यायलाच हवं. मग त्या वेळेच्या गाण्यांत जे मोकळं असेल ते येणार: कधी देवीचं, कधी कुठल्या मठाच्या जत्रेचं. कन्नड असल्याचा राग नव्हता कुणाला. अक्का वहीत तुकारामांच्या पुढे पुरंदरदास कितीदा तरी लावायच्या, भाषा कधी बदलली ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. आता मात्र गाणं संपलं की सगळ्यांच्या ध्यानात यायचं. गॅरेजमधली पोरं पुढचं गाणं कुठल्या भाषेत येणार ते आधीच सांगून मोकळी व्हायची, आणि बरोबर सांगायची. विडीवाल्या बायकांपैकी एकीने फोन केला: “अण्णा, झोपाळ्यावर बसवल्यागत वाटालंय. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. गाणं ऐकू द्या की वो जरा.”

त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसलो. सात वह्या. पानावर चार रकाने: गाण्याचे पहिले शब्द, लांबी, कोण गातंय, आणि चौथा बिननावाचा. त्या चौथ्यात अक्कांनी वाट्टेल ते लिहिलंय. ‘सकाळी नको.’ ‘हाताला चालतं.’ ‘मधे खरखर, आवाज कमी कर.’ ‘शेजारचं म्हातारं रडतंय, रोज नको.’ ‘लाईट जायच्या वेळेला.’ भाषा कुठेच नाही. गाण्याचे पहिले शब्दही ज्याला जी लिपी येते तीत. एकाच पानावर दोन्ही, वर-खाली. मी दुसऱ्या दिवशी अक्कांना विचारलं, भाषा का लिहिली नाही हो कधी? त्या म्हणाल्या, “त्यात लिवायचं काय? लावलं की कळतंयच की.”

माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्या दुकानातल्या मोठ्या संचाच्या काचेवर त्यांनी आईच्या नेलपॉलिशने दोन ठिपके दिले होते. डावीकडे ७६५ ला धारवाड, उजवीकडे १२५१ ला सांगली. धारवाड १९५० पासूनचं, सांगली १९६३ पासूनचं. सकाळी एक, दुपारी दुसरं, क्रिकेट असेल तर तिसरंच. ठिपके होते, पण कुठल्या ठिपक्यावर किती वेळ गेला याचा हिशोब घरात कुणी मांडला नाही. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, वह्या चाळताना सुचलं.

तर आता तुमचं. गावात एकच भाषा असेल, स्वयंसेवक थोडे असतील, दिवसाला चौदा-सोळा तास चालवायचे असतील, तर डोळे झाकून ऑटो घ्या. माझ्या या सगळ्या कहाणीचा तुम्हाला उपयोग नाही. सॉफ्टवेअर घेताना मात्र एक बघा: नियम उघडे दिसतात का. अमुक गाणं आत्ता का लागलं, हे पडद्यावर विचारता आलं पाहिजे. अलीकडे ‘आपोआप शिकणारं’ म्हणून काही विकतात. आमच्याकडे एक जण दाखवून गेले. का लागलं असं विचारलं तर म्हणाले, ते त्याचं त्याला माहीत. असलं घरी ठीक आहे. लोकांच्या रेडिओवर मला तरी नको वाटतं. उद्या समितीत कुणी विचारलं तर मी काय सांगू?

सीमाभागात असाल, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी कुठेही, तर माझा कल वहीकडे आहे. सगळं वहीवर चालवा असं म्हणत नाही, ते आम्हालाही जमत नाही. सध्या आमचं असं आहे: सकाळचे दोन तास आणि विडीचे दोन तास वहीवर, सणावाराला पूर्ण दिवस वहीवर. दुपारी आणि रात्री नऊनंतर ऑटो. बातम्यांच्या आधीचं मोजमापही ऑटोकडेच; बासरीतून सुटलो. आठवड्यातून एकदा यंत्राकडून ‘वर्षभरात न वाजलेली’ अशी यादी काढतो आणि ती अक्कांपुढे ठेवतो. त्यातलं काय घ्यायचं ते त्या बघतात. ओव्यांची सीडी आता वहीत आहे, आणि मला झोप येते त्याचं कुणाला काही नाही. वहीचा खर्च म्हणजे अक्कांची रोजची पाऊण तास रात्र. त्या आजारी पडल्या की आमची दैना होते, हेही लिहून ठेवतो. दुसरी एक मुलगी तयार करतोय. तिचं अक्षर चांगलं आहे, शेरे अजून नाहीत.

भाषेच्या खान्याचं काय केलं ते राहिलं. मी एका रविवारी बसून अकराशे गाण्यांपुढे ‘इतर’ टाकलं. एक आड एकचा नियम आपोआप मेला, कारण यंत्राला आडवं घ्यायला दुसरी भाषाच उरली नाही. महिन्याअखेरीस पोळी एकाच करड्या रंगाची आली, अख्खी. बैठकीत ती हातोहात फिरली. अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, “ही इतर भाषा कुठली म्हणायची?” अक्का चहा ओतत होत्या. त्यांनी वर बघितलंच नाही. मग छपराचा विषय निघाला आणि पत्रे बदलायचं ठरलं.

वही घ्यायची झाली तर दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, हिशोबाची असते ती घ्या. शाळेची घेऊ नका, चार महिन्यांत शिवण उसवते. बेळगावात खडेबाजारला मिळते, निपाणीतही मिळते. तीन रकाने छापलेले असतात. चौथा पट्टीने आखून घ्यावा लागतो, आणि तो जरा रुंद ठेवा.